ग्रामीण ऊर्जाविकास : सातारा व सांगली

वारा, ऊन, वाहते पाणी, शेतातील काडीकचरा यांसारख्या पुनःपुन्हा उपलब्ध होणाऱ्या साधनांपासून ऊर्जा मिळविणे आणि त्यासाठी लागणारी यंत्रे व पद्धती त्याच परिसरात घडविणे, यास ग्रामीण ऊर्जाविकास असे म्हणता येईल. महाराष्ट्रात अशा प्रयत्नांचे सर्व प्रमुख प्रकार सातारा व सांगली या लगतच्या दोन जिल्ह्यांत एकत्र पाहावयास मिळतात. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत असे; त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. ऊर्जेच्या दृष्टीनेही हा प्रदेश एकच समजणे सोयीचे आहे.

या प्रदेशाचे पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन पट्टे पडतात. पश्चिमेस सह्याद्रीचा माथा आहे. तेथे पाऊस विपुल व वारा जोराचा असून पाटण, जावळी, सातारा व शिराळा या तालुक्यांतील जांभ्या खडकाची सपाट पठारे या पट्ट्यात येतात. मध्यभागी कृष्णेचे व नीरेच्या उजव्या कालव्याखालील बागायती क्षेत्र असून तेथे ऊस हे मुख्य पीक होय. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत व कवठे महांकाळ हे अवर्षणप्रवण तालुके आहेत. तेथे पाणी थोडे व ऊन भरपूर. पश्चिमेस वारा व धबधबती नदी, मध्यभागी पाचट व चिपाड आणि पूर्वेस सूर्य अशी ही निसर्गानेच केलेली विभागणी आहे. तथापि साधन गावाच्या हद्दीत असले म्हणजे त्याचा लाभ गावास मिळतोच असे नाही. जमीन कोणाकडे, यंत्र कोणाचे आणि विजेचा हिशेब कोणाच्या नावावर, या तीन गोष्टींवर तो अवलंबून असतो. गेल्या सहा-सात दशकांत या परिसरात झालेले प्रयोग या दृष्टीने परस्परांहून फार भिन्न आहेत.

कोयना : या प्रदेशातील पहिला मोठा ऊर्जाप्रकल्प जलविद्युताचा होता. कोयना नदीवरील धरणाचे काम १९५०–६० या दशकात सुरू झाले व १९६२ मध्ये वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. जलाशयाचे पाणी पूर्वेकडे न सोडता बोगद्यांतून पश्चिमेस कोकणाच्या बाजूला उतरविले जाते व त्या उंचीचा लाभ घेऊन पोफळी परिसरातील वीजगृहांत वीज तयार होते. सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगॅवॉट आहे. मुंबई-पुण्याकडील उद्योगांच्या वाढीस या विजेचा मोठा हातभार लागला. जलाशयाखाली मात्र पाटण व जावळी तालुक्यांतील गावे गेली. पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये झाला. कोयनेचे विस्थापन त्याच्या कितीतरी आधीचे. धरणग्रस्तांची पांगापांग सांगली, सोलापूर व कोकणातील जिल्ह्यांपर्यंत झाली आणि त्यांच्या जमिनींचे व नागरी सुविधांचे प्रश्न पुढील दोन-तीन पिढ्या चालू राहिले. [⟶ कोयना प्रकल्प].

पवनऊर्जा : कोयना जलाशयाच्या वरच्या अंगास सु. १,१५० मी. उंचीवर वनकुसवडे हे पठार आहे. त्याच्या उत्तरेकडे, साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे, चाळकेवाडीचे पठार लागते. नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणची सपाटी ओलांडून सह्याद्रीच्या कड्यावर आदळतात व वर चढताना माथ्यावर त्यांचा वेग वाढतो. सपाट, वृक्षहीन सड्यावर त्यांस अडथळाही नसतो. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. त्यामुळे वेग दर सेकंदास ५ मी. वरून ६ मी. झाला, म्हणजे केवळ एक पंचमांशाने वाढला, तरी शक्ती सु. पावणेदोन पट होते. पवनचक्कीसाठी जागेची निवड इतकी काटेकोरपणे का केली जाते व एका पठारास मोल येऊन शेजारच्या खोऱ्यास का येत नाही, याचा उलगडा यावरून होतो. पाती फिरू लागण्यास सामान्यतः दर सेकंदास ३ ते ४ मी. वेग लागतो, सु. २५ मी. च्या पुढे यंत्र स्वतःहून थांबते, कारण त्यापुढील वादळी वारा त्यास झेपत नाही. जनित्राची वीज मनोऱ्याच्या पायथ्याशी उच्च दाबात रूपांतरित होऊन ३३ किलोव्होल्टच्या तारांनी उपकेंद्राकडे व तेथून राज्याच्या जाळ्यात जाते. वर्षातील बहुतांश निर्मिती जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते. [⟶ पवनचक्की].

महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा) ही संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली. वाऱ्याच्या वेगाची मोजणी व प्रात्यक्षिक प्रकल्प यांपासून कामास आरंभ होऊन १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस साताऱ्याच्या पठारांवर खाजगी भांडवलाने पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. वनकुसवडे येथील पवनक्षेत्राची क्षमता कालांतराने २५९ मेगॅवॉटपर्यंत गेली व देशातील मोठ्या पवनक्षेत्रांत त्याची गणना होऊ लागली. आरंभीची यंत्रे ३५० किलोवॉटची होती. नंतर १ मेगॅवॉट व त्याहून मोठी आली. सांगली जिल्ह्यात शिराळा तालुक्यातील गुढे-पाचगणीचे पठार व कवठे महांकाळ तालुक्यातील ढालगावचा माळ येथेही पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या.

या वाढीमागे वाऱ्याइतकाच आयकराचा भाग होता. पवनचक्कीच्या किंमतीवरील घसारा पहिल्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर उत्पन्नातून वजा करण्याची सवलत केंद्र शासनाने दिली होती. हे प्रमाण आरंभी १०० टक्के, नंतर ८० टक्के होते. ही सवलत २०१२ मध्ये काढून घेण्यात आली, २०१४ मध्ये पुन्हा देण्यात आली व २०१७ पासून ती ४० टक्क्यांवर आली. याखेरीज महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २००३ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी पहिल्या वर्षी प्रतियुनिट ३.५० रु. व त्यानंतर दरवर्षी १५ पैसे वाढ असा १३ वर्षांसाठीचा खरेदीदर ठरवून दिला. मोठे करपात्र उत्पन्न असणाऱ्या कारखानदारास किंवा कंपनीस ही गुंतवणूक साहजिकच आकर्षक वाटली. ज्याच्या शिवारात पवनचक्की उभी राहणार होती, त्या शेतकऱ्यास मात्र या सवलतीचा काडीइतकाही उपयोग नव्हता, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही आणि जेथे करच नाही तेथे करात सूट कसली? उसासाठी सहकारी कारखाने उभारणाऱ्या जिल्ह्यांत वाऱ्यासाठी सहकारी संस्था का निघाल्या नाहीत, असा प्रश्न नेहमी विचारला जातो व त्याचे खापर गावकऱ्यांच्या उदासीनतेवर फोडले जाते. वस्तुतः साखर कारखान्यास शासनाचे भागभांडवल व सभासदांच्या उसाच्या बिलातून होणारी कपात यांचा आधार होता. पवनचक्कीस प्रोत्साहन देण्याची रीत मात्र अशी होती, की तीत लहान खातेदारास प्रवेशच नव्हता. प्रत्यक्ष निर्मितीवर प्रतियुनिट ५० पैसे अनुदान देण्याची योजना केंद्र शासनाने २००९ च्या अखेरीस आणली. तोवर येथील चांगल्या जागा बहुतेक संपत आल्या होत्या.

जमिनीचा व्यवहारही याच दृष्टीने पाहावा लागतो. पठारावरील जमीन नाचणी, वरी व गवत यांपलीकडे फारसे काही देत नसे. पाटण व जावळी भागातील अनेक कुटुंबांतील कर्ते पुरुष मुंबईत माथाडी कामगार वा गिरणी कामगार म्हणून राहत असत आणि सात-बाराच्या उताऱ्यावर भाऊबंदांची सामायिक नावे असत. अशा जमिनींची खरेदी मध्यस्थांमार्फत झाली, तेव्हा किंमत गवताची ठरली. वाऱ्याचा हिशेब त्या व्यवहारात आलाच नाही. हा हिशेब अवघड नाही. १ मेगॅवॉटचे यंत्र वर्षभरात आपल्या पूर्ण क्षमतेच्या २० टक्के चालले असे धरल्यास त्यापासून सु. १७.५ लाख युनिट वीज मिळते व प्रतियुनिट ३.५० रु. दराने तिचे मूल्य सु. ६१ लाख रु. होते. त्यातून कर्जाचे हप्ते व देखभाल जाते हे खरे; परंतु यंत्राखालच्या जमिनीच्या मालकास या रकमेचा एक टक्का वार्षिक भाडे म्हणून मिळाला असता, तरी ते नाचणीच्या पिकाहून अधिक व खात्रीचे ठरले असते. जमीन विकत न घेता भाड्याने घ्यावी व उत्पन्नात गावाचा वाटा असावा, ही मागणी श्रमिक मुक्ती दलासारख्या संघटनांनी पुढे मांडली ती याच कारणास्तव. गावात आले ते रस्ते, तसेच रखवालदार, वाहनचालक व साफसफाई अशी काही कामे. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागात दिवसातून अनेक तासांचे भारनियमन होते. त्या काळात फिरत्या पात्यांखालील वाड्यावस्त्याही इतरांप्रमाणेच अंधारात बसत. यात तांत्रिक चूक काही नव्हती, कारण वीज प्रथम जाळ्यात जाते व गावास ती जाळ्याच्या नियमाप्रमाणेच परत मिळते. गावकऱ्यांच्या मनात मात्र हे दृश्य ठसून राहिले.

पठारावरील जीवसृष्टीवर होणारा परिणाम अनपेक्षित मार्गाने लक्षात आला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळकेवाडी येथे केलेले संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या मानाने सु. एक चतुर्थांश आढळली. शिकारी घटल्याने गळ्याखाली रंगीत पंखा फुलविणाऱ्या सारडा सुपर्बा या सरड्यांची दाटी वाढली. ते माणसास कमी भिऊ लागले, त्यांची अंगकाठी खालावली व नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले. वरवर पाहता ओसाड वाटणारा सडा हा अन्नसाखळीचा एक पूर्ण घटक आहे, हे यावरून दिसून आले. जवळच असलेल्या कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत झाला आहे.

साधन आपल्या भूमीतील व लाभ दूरच्या शहरांचा, हा अनुभव केवळ याच प्रदेशाचा नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ॲरिझोना, न्यू मेक्सिको व यूटा या राज्यांत पसरलेल्या नव्हाहो या मूलनिवासी लोकांच्या भूमीवर २,२५० मेगॅवॉटचे एक कोळशावरील वीज केंद्र १९७० नंतरच्या दशकात उभे राहिले. ॲरिझोनातील कोरड्या शहरांकडे कोलोरॅडो नदीचे पाणी उपसून नेण्यासाठीही त्याची वीज वापरली जाई. नव्हाहोंच्या हजारो घरांत मात्र वीज पोहोचली नव्हती. २०१९ मध्ये हे केंद्र बंद झाले. तत्पूर्वी, १९५९ मध्ये स्थापन झालेल्या नव्हाहोंच्या स्वतःच्या वीजसंस्थेने केयेंटा येथे २०१७ मध्ये २७.३ मेगॅवॉटचा सौर प्रकल्प सुरू केला व दोन वर्षांत तो सु. दुप्पट केला. त्याचे वैशिष्ट्य क्षमतेत नसून मालकीत आहे : जमीन, संस्था व विक्रीचा करार या तिन्ही गोष्टी समाजाच्याच हाती आहेत. डेन्मार्कमध्ये कोपनहेगननजीक २००० मध्ये समुद्रात उभारलेल्या २० पवनचक्क्यांची निम्मी मालकी आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेकडे आहे. साताऱ्याच्या पठारांवर यांपैकी कोणतीच व्यवस्था अवतरली नाही. येथील स्थानिक उपक्रमशीलता निराळ्या वाटांनी प्रकट झाली.

स्थानिक तंत्रविद्येची परंपरा : या परिसरास यंत्रनिर्मिती नवी नाही. औंध संस्थानच्या आश्रयाने १९१० मध्ये कुंडलनजीकच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसविला. लोखंडी नांगर, चरक व पंप यांनी दक्षिण महाराष्ट्राच्या शेतीचे रूप पालटले. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील वीज येण्यापूर्वी घरोघरी होता. कंदिलाचा हाच धागा पुढे फलटणला निघाला.

फलटण येथे बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये निंबकर कृषि संशोधन संस्था स्थापन केली. कापूस, करडई, गोड ज्वारी व शेळ्यामेंढ्या यांवरील कामांबरोबरच १९८१ पासून, अमेरिकेतून परतलेले अभियंता अनिल राजवंशी यांच्या नेतृत्वाखाली, तेथे ऊर्जासंशोधन सुरू झाले. गोड ज्वारीच्या ‘मधुरा’ या वाणाची निवड अर्थपूर्ण होती : कणसापासून माणसास धान्य, ताटाच्या रसापासून इथेनॉल आणि उरलेल्या चोथ्यापासून जनावरांस वैरण वा इंधन, असा एकाच पिकाचा तिहेरी उपयोग त्यात होता. अन्न की इंधन, हा वाद जगभर पुढे पुष्कळ गाजला. फलटणच्या कामात त्याचे उत्तर आधीच धरलेले दिसते. रस आंबवून मिळालेल्या द्रावाचे ऊर्ध्वपातन सूर्याच्या उष्णतेने करण्याचा प्रायोगिक संचही संस्थेने चालविला.

संस्थेच्या ‘नूरी’ या दाबकंदिलाचा प्रकाश १०० वॉटच्या साध्या विजेच्या दिव्याइतका पडे व तो रॉकेल, डिझेल किंवा इथेनॉल यांपैकी कशावरही चाले. पुढे निम्मे पाणी मिसळलेल्या इथेनॉलवर चालणारी शेगडी तयार करण्यात आली. पाण्यामुळे भडका उडण्याचा धोका कमी होतो व ऊर्ध्वपातनास लागणारी उष्णताही वाचते. तांत्रिकदृष्ट्या हा फार सुटसुटीत तोडगा होता. परंतु निम्मे पाणी असलेले इथेनॉल ही कायद्याच्या दृष्टीने दारूच होय. उत्पादन शुल्काच्या निर्बंधांमुळे हे इंधन गावात तयार करणे व विकणे शक्य झाले नाही आणि शेगडी प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरच अडली. त्यानंतर त्याच तत्त्वावर रॉकेलचा वापर करून एकाच वेळी उजेड देणारा व अन्न शिजविणारा कंदील-चुला संस्थेने काढला. इथेनॉल पुढे देशाच्या धोरणात आले ते पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी. २०२५ पर्यंत मिश्रणाचे राष्ट्रीय प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले व सातारा-सांगलीतील साखर कारखान्यांच्या आसवन्यांना त्याचा लाभ झाला. खेड्यातील चुलीचा प्रश्न या धोरणाने सुटला नाही.

फलटणचे दुसरे महत्त्वाचे काम वायुजनकाचे होय. मर्यादित हवेत जैव पदार्थ तापविल्यास कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन असलेला ज्वलनशील वायू मिळतो. लाकडावर चालणारे वायुजनक पूर्वीपासून माहीत होते. उसाचे पाचट मात्र हलके, फुगीर व राखेचे प्रमाण अधिक असलेले, त्यामुळे ते नेहमीच्या भट्टीत अडकते, वितळलेल्या राखेचे खडे होतात. सुटे पाचट व चिपाड थेट जाळता येईल असा अरुंद गळा नसलेला वायुजनक संस्थेने बनविला व कारखान्यांतील भट्ट्यांसाठी वापरून पाहिला. १९९७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तालुका हाच ऊर्जानियोजनाचा घटक धरावा आणि फलटणसारख्या तालुक्याने आपली वीज व द्रवरूप इंधन शेतीतील टाकाऊ पदार्थांपासूनच मिळवावे, ही राजवंशी यांची मांडणी याच कामातून आली. गाव हा घटक भांडवल व तंत्रज्ञ पोसण्यास फार लहान पडतो आणि जिल्हा वाहतुकीच्या खर्चामुळे फार मोठा होतो, हे तिचे मुख्य गृहीतक होते. पाचट हा पदार्थ आकारमानाने मोठा व वजनाने हलका असल्याने ते पटण्याजोगे आहे. विजेवर चालणाऱ्या तीनचाकी रिक्षेचे कामही येथे १९९५ च्या सुमारास सुरू झाले होते. देशातील शहरांत अशा रिक्षा पसरल्या त्या मात्र पंधराएक वर्षांनी, मुख्यतः परदेशी सुट्या भागांवर. राजवंशी यांना २०२२ मध्ये पद्मश्री हा बहुमान मिळाला.

काही वर्षे निंबकर संस्थेत काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये समुचित ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘आरती’ ही संस्था पुण्यात स्थापन केली व तिचे एक केंद्र फलटण येथे उघडले. हेक्टरी सु. १० टन पाचट शेतकरी शेतातच पेटवून देतात. आरतीच्या पद्धतीत पाचट भरलेली बंदिस्त पिंपे भट्टीत ठेवून तापवितात. पाचटातून निघणारे वायू भट्टीतच जळून तिला उष्णता पुरवितात व पिंपात कोळशाची भुकटी उरते. तिच्या वड्या पाडून ‘सराई’ या कुकरात वापरल्यास सु. १०० ग्रॅम वड्यांवर पाच माणसांचा भात, वरण व भाजी शिजते. या कामास २००२ मध्ये ब्रिटनमधील ॲशडेन पारितोषिक मिळाले. यात विशेष असे, की भट्टी शेताच्या बांधावर नेता येते. कच्चा माल वाहून न्यावा लागत नाही, नेली जाते ती फक्त तयार भुकटी.

साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मिती याच पदार्थाचा मोठा आविष्कार होय. उसाच्या वजनाच्या सु. ३० टक्के चिपाड निघते. उच्च दाबाच्या बाष्पित्रात ते जाळून कारखान्याची गरज भागते व उरलेली वीज जाळ्यास विकता येते. कारखाना सहकारी असेल, तर हे उत्पन्न निदान तत्त्वतः सभासदांचे असते. ते उसाच्या दरात किती उतरते, हा दरवर्षीच्या हंगामातील वादाचा विषय आहे.

बळीराजा धरण : सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील प्रयोग ऊर्जेपासून नव्हे, पाण्यापासून सुरू झाला. १९८२ चा मुंबईचा गिरणी संप व त्या सुमाराचे दुष्काळ यांमुळे खानापूर तालुक्यातील अनेक कामगार गावी परतले होते. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या मुक्ती संघर्ष चळवळीत दुष्काळी कामावर खडी फोडण्यापेक्षा दुष्काळ का पडतो याचा शोध घेण्याचे ठरले. येरळा नदीतील वाळूचा उपसा ठेकेदार करीत. वाळू गेली, की पात्रात मुरणारे पाणी व काठच्या विहिरी आटत. वाळूवर गावांचा हक्क असावा व तिचा मर्यादित भाग विकून त्या पैशांतून धरण बांधावे, ही मागणी शासनास अखेर मान्य करावी लागली. बलवडी व तांदुळवाडी या गावांनी श्रमदानाने व शहरांतील विद्यार्थ्यांच्या साह्याने बांधलेले हे धरण १९९० च्या सुमारास पुरे झाले. जमीन कमी-जास्त असो वा मुळीच नसो, प्रत्येक कुटुंबास पाण्याचा समान वाटा, हा त्याचा पाया होय.

या धरणाच्या आखणीत सल्ला देणारे अभियंता कृ. र. दाते यांनी पाणी व ऊर्जा यांचा संबंध स्पष्ट केला. पाच माणसांच्या कुटुंबास अन्न, वैरण, सरपण व विक्रीयोग्य माल मिळून वर्षास सु. १८ टन जैव पदार्थ लागतात व ते पिकविण्यास सु. ५,००० घन मी. पाणी पुरते, असे त्यांचे गणित होते. म्हणून पाण्याचा वाटा उसाच्या एका पिकास न देता काही भाग झाडांस द्यावा, त्या झाडांची लहान जाडीची इमारती लाकडे प्रक्रिया करून पोलाद-सिमेंटच्या जागी वापरावी आणि उरलेल्या लाकडावर वायुजनक चालवून पाणी उपसावे, असा त्यांचा आराखडा होता. पोलाद व सिमेंट वाचविणे म्हणजे ते तयार करण्यास लागलेली ऊर्जा वाचविणे, हा त्यामागील विचार त्या काळी अभियंत्यांतही फारसा रूढ नव्हता. १९९७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेला हा आराखडा संपूर्णपणे कोठेच अंमलात आला नाही. समन्यायी पाणीवाटपाचे सूत्र मात्र आटपाडीसह कृष्णा खोऱ्यातील पुढील आंदोलनांत टिकले.

दरम्यान पूर्वेकडील तालुक्यांस पाणी आले ते ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा योजनांनी. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलण्यास प्रचंड वीज लागते. बिलाच्या थकबाकीमुळे पंप बंद राहण्याचे प्रसंग वारंवार आल्यानंतर बिलाचा ८१ टक्के भार शासनाने व १९ टक्के लाभधारकांनी सोसावा, असे ठरले. ही वीज सूर्यापासून मिळवावी, असा निर्णय म्हैसाळ योजनेबाबत अलीकडे झाला आहे. माणदेशी उन्हाने माणदेशी पाणी उचलणे सयुक्तिक आहे. पंप दिवसा चालविता येत असल्याने विजेच्या साठवणुकीचा खर्चही टळतो.

सौरग्राम : पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे सु. १०० घरांचे गाव ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून घोषित झाले. महावितरणच्या योजनेतून घरांच्या छपरांवर सौर पट्ट बसविण्यात आले व सार्वजनिक विजेची गरजही सौर संचांवर भागविण्यात आली. १ किलोवॉटच्या संचापासून दिवसास सरासरी ४ युनिट वीज मिळते. लहान कुटुंबास ती पुरून उरते. उरलेली वीज जाळ्यात जाते व रात्री तितकीच परत घेता येते, म्हणजे गाव जाळ्यापासून तुटलेले नसते. जाळेच त्याची बॅटरी असते. पाटणच्या धुवाधार पावसात जून ते सप्टेंबर या काळात सौर निर्मिती फार घटते. त्याच तालुक्याच्या पठारांवर नेमकी त्याच महिन्यांत पवनचक्क्या सर्वाधिक चालतात. वारा व सूर्य परस्परांस इतके पूरक असणे ही पाटणची मोठीच अनुकूलता होय. मात्र छपरावरील पट्टांचे मालक गावकरी आहेत आणि पठारावरील पात्यांचे मालक दुसरेच, म्हणून गावाच्या हिशेबात या दोन्हींची बेरीज होत नाही.

वनकुसवडे व चाळकेवाडी येथील आरंभीच्या यंत्रांचे आयुष्य आता संपत आले आहे व २००३ च्या दराने झालेले १३ वर्षांचे करारही संपले आहेत. २ मेगॅवॉटहून कमी क्षमतेची जुनी यंत्रे काढून त्यांच्या जागी मोठी बसविण्याचे धोरण केंद्र शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. नवी यंत्रे उंच व संख्येने कमी असतील. जुन्यांच्या पायांखालची बरीच जमीन त्यामुळे मोकळी होईल आणि रस्ते, तारा व वीजविक्रीचे करार पुन्हा ठरवावे लागतील. मोकळी होणारी जमीन कोणाकडे जावी व नव्या करारांत ग्रामपंचायतींना स्थान असावे काय, यांविषयी या धोरणात वेगळी तरतूद नाही.